आजीचा अडकित्ता सिक्युरिटीत गेला, परत मिळेल का? (आणि गावाहून निघताना बॅगेत काय टाकू नये?)

खाडीकाठची

नमस्कार मंडळी, शिमग्याला गावी आले होते, परवा बंगळूरला परत जाताना विमानतळावर सिक्युरिटीला माझी पाठीवरची सॅक बाजूच्या पट्ट्यावर गेली आणि तिथल्या मॅडमनी विचारलं की आत लोखंडी काही आहे का, मी ठामपणे नाही म्हटलं कारण मला खरंच माहीत नव्हतं. उघडली तर मधल्या कप्प्यात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला आजीचा अडकित्ता. पितळी मुठीचा, आजीच्या लग्नातला. तिच्यानंतर आईकडे आला आणि आईने आता तो मला द्यायचं ठरवलं होतं, पण सांगितलं असतं तर मी "राहू दे गं" म्हणाले असते म्हणून न सांगता सुपारीच्या पिशवीखाली ठेवून दिला.

मॅडम नीट बोलल्या, म्हणाल्या चेक-इन बॅगेत टाकून या किंवा कोणी सोडायला आलं असेल तर त्यांना द्या. पण माझी मोठी बॅग केव्हाच गेलेली, काउंटर बंद, भाऊ गाडी घेऊन कुडाळपर्यंत पोचलेला आणि बोर्डिंग सुरू. शेवटी ठेवून आले. पूर्ण प्रवासभर रडायला येत होतं.

माझे प्रश्न दोन. असं ठेवून दिलेलं परत मिळतं का, कुणाला मिळालंय का? आणि आई-काकूंना नेमकं काय सांगायचं की हातातल्या बॅगेत हे हे टाकू नका, कारण पुढच्या महिन्यात भाऊ मुंबईहून दुबईला जातोय आणि त्याची तयारी आत्तापासून सुरू आहे.

कातळसडा

वाचून खूप वाईट वाटलं ताई. माझंही असंच झालंय म्हणून सविस्तर लिहितो. देवगडला आमची कलमं आहेत, दोन वर्षांपूर्वी आंब्याच्या काढणीला गेलो होतो, झेल्याचं, म्हणजे आंबे काढायच्या जाळीच्या काठीचं, सुटं पातं गंजू नये म्हणून कागदात गुंडाळून सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवलेलं आणि तीच सॅक घेऊन विमानतळावर गेलो. अर्थात काढून घेतलं. पातं बाजारात दुसरं मिळतं, अडकित्ता मिळत नाही, तेव्हा तुमच्याशी बरोबरी करत नाहीये.

परत मिळण्याबद्दल. यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एकत्र करतात. ट्रेमध्ये विसरलेली वस्तू, म्हणजे घड्याळ, पट्टा, मोबाईल, लॅपटॉप, ही हरवलेली वस्तू म्हणून जमा होते. जिथे सीआयएसएफची (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची) सुरक्षा आहे तिथल्या सापडलेल्या वस्तूंची यादी त्यांच्या वेबसाईटवर असते, तारीख आणि विमानतळ पाहून शोधायची, ओळख पटवून घेऊन यायची. पण बंदी असलेली म्हणून आपण स्वतः ठेवून दिलेली वस्तू या यादीत येत नाही, ती आपण सोडून दिली असं धरतात. म्हणून खोटी आशा लावत नाही, पण तीन दिवसच झालेत ना? मग आजच विमानतळाला आणि एअरलाईनला मेल टाका. फ्लाईट नंबर, तारीख, साधारण वेळ, कुठल्या बाजूची मशीन होती, अडकित्त्याचा जुना फोटो असेल तर तो, आणि भाऊ जवळच आहे, तो येऊन घेऊन जाईल, हेही लिहा. माणसं असतात तिथे, कुणीतरी बघेल.

पुढच्या वेळेसाठी एकच सांगतो, सोडायला आलेल्या माणसाला थांबवून ठेवा. आपल्याकडे गाडीभर माणसं सोडायला येतात आणि आपण दारातून आत गेलो की लगेच वळतात कारण घाटात अंधार नको. त्यांना सांगायचं, सिक्युरिटी पार झाल्याचा माझा फोन येईपर्यंत हलू नका. देशांतर्गत विमानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून सिक्युरिटीला त्याच्या बरंच आधी पोचलात तर मागे फिरून वस्तू मोठ्या बॅगेत टाकायला वेळ राहतो. बाहेर यायचं झालं तर एअरलाईनच्या माणसाला सांगून यावं लागतं, उठून सरळ चालत येता येत नाही.

रापण

मी कुडाळचो. आवस आमची पण निघताना बॅगेत कायतरी घालताच, ना म्हटला तरी घालताच. ता प्रेम आसा, तेका काय करतलंस. आता मी काय करतंय, हातातली बॅग रात्रीच भरून कुलूप लावतंय नि चावी माझ्या खिशात. मोठी बॅग आवशीच्या ताब्यात, तिका हवा ता तेतूर घालू दे.

वेंगुर्ल्याची सून

भावाच्या दुबईच्या बॅगेबद्दल सांगते, माझे मिस्टर अकरा वर्षं आखातात आहेत त्यामुळे हे सगळं पाठ झालंय.

सगळ्यात आधी सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत टाकू नका!! सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की साठ्यात कोंडून राहिलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून मालवाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात धरलंय, आणि आपल्याकडेही चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. आपल्याला हसू येतं की खोबरं कसलं धोक्याचं, पण ज्यांनी भर उन्हाळ्यात माळ्यावर पोत्यात भरलेलं खोबरं हात लावून बघितलंय त्यांना पटेल, आत चांगलं गरम लागतं. आख्खा नारळही केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या भाविकांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून २० जानेवारी २०२५ पर्यंत तेवढ्यापुरती सूट दिली होती, म्हणजे एरवी नाहीच. देवळातला प्रसादाचा नारळ असेल तर घरीच फोडून खाऊन निघा. कापूरसुद्धा नको, तो पेटतो म्हणून दोन्ही बॅगांत नाही. काडेपेटी, लायटर तर नाहीच नाही.

मग पातळ पदार्थ. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत १०० मिली पर्यंतच्याच बाटल्या चालतात आणि मोजतात ती बाटली, आतलं नाही. २०० च्या बाटलीत अर्धंच कोकम आगळ उरलंय म्हणून चालत नाही, मी भांडून बघितलंय. लोणचं, तूप, आमरस, ओली चटणी हे सगळं पातळमध्येच धरतात. तिखटाचा पुडाही हातात नको, अडवतात. हे सगळं नीट सील करून मोठ्या बॅगेत, पिशवीत पिशवी. एकदा आगळाची बाटली फुटून सहा शर्ट लाल झालेले, ते डाग आजतागायत आहेत.

हातात बिनधास्त न्यायचं ते आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, काजूगर. सुकं आहे, वास नाही, कोणी विचारत नाही.

पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत टाकली तर बॅग उघडायला परत बोलावतात. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे नेहमीची चालते.

कातळसडा

@वेंगुर्ल्याची सून, एक भर घालतो. भाऊ मुंबईहूनच जाणार असेल तर ठीक, पण कोणी गोव्याच्या मोपा विमानतळावरून मुंबईला येऊन पुढे परदेशी विमान पकडत असेल तर मुंबईला हातातली बॅग परत तपासतात आणि तिथे १०० मिलीचा नियम लागतो. मोपावर काही बोलले नाहीत म्हणून आगळ पुढेही चालेल असं धरू नये.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल त्याच रात्री केला, आईकडे आजीच्या पानाच्या डब्याचा एक फोटो सापडला ज्यात अडकित्ता स्पष्ट दिसतोय, तो जोडला. आज उत्तर आलं की बोर्डिंग पासची प्रत पाठवा, बघून कळवतो. एवढंच. तरी पाठवलीय, भाऊ शनिवारी जाऊन प्रत्यक्ष विचारणार आहे, काही कळलं तर इथे लिहीन.

आईला आधी सांगायचं नव्हतं पण फोटो मागितल्यावर तिला कळलंच. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली सांगून द्यायला हवा होता मी. मी म्हटलं मोठ्या बॅगेत दिला असतास तर आज माझ्या घरी असता गं. मग दोघीही रडलो.

आणि भावाच्या बॅगेत खरंच खोबऱ्याच्या वाट्या होत्या, दोन किलो. काढायला लावल्या, आता त्याची चटणी करून घरीच संपवतायत.