मदत हवी आहे: कमांड प्रॉम्प्टमध्ये रंगांऐवजी कचरा

मंडळी, लॉग तपासणारी छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. चूक लाल, इशारा पिवळा. लिनक्सवर झकास चालते, विंडोज टर्मिनलमध्येही. पण ऑफिसातल्या विंडोज १० च्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लाल रंगाऐवजी डावा बाण, चौकोनी कंस, ३१ आणि एम असला कचरा उमटतो.

वाचलं ते असं, की तिथल्या कन्सोलला आन्सी कोड (मजकुराचा रंग वगैरे सांगणारी खास चिन्हं) कळतात, पण व्हर्च्युअल टर्मिनल मोड (हे कोड पाळण्याची सोय) प्रोग्रॅमनेच चालू करावा लागतो. कोलोरामा हे पायथन पॅकेज ते करून देते, पण बाहेरचं पॅकेज टाकायला परवानगी नाही (नेहमीचंच रडगाणं). नुसत्या सीटाइप्सने (पायथनसोबतच येणारं, विंडोजची फंक्शन्स थेट बोलावणारं मॉड्यूल) हे कोणी केलंय का? कोड टाकाल का?

शिवाय आउटपुट फाइलमध्ये वळवलं की तिथेही हेच कोड घुसतात. इझएटीटीवाय (आउटपुट टर्मिनलवरच जातंय ना, हे सांगणारं फंक्शन) तपासणं पुरेसं, की नो-कलर (रंग नकोत असं सांगणारं) एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलही बघता?