सूर्यप्रकाशावरचं रसायन: चामिचानची आठवण

सूर्यप्रकाशापासून इंधन बनवायची कल्पना १९७०च्या दशकातल्या तेलसंकटानंतर पुढे आली, असं वाटू शकतं. ती त्याहून बरीच जुनी आहे. ती मांडणारा इटालियन रसायनशास्त्रज्ञ जाकोमो चामिचान १८५७ साली त्रिएस्त शहरात जन्मला. आधी पायरोल या सेंद्रिय संयुगावर काम करून नाव कमावलं आणि १८८९पासून इटलीतल्या बोलोन्यात प्राध्यापक. प्रकाशरसायनात, म्हणजे प्रकाशामुळे होणाऱ्या रासायनिक क्रियांच्या अभ्यासात मात्र त्याचा खरा जीव रमला. प्रयोगशाळेच्या गच्चीवर काचेच्या चंबूंच्या रांगा लावून तो आणि सहकारी पाउल झिल्बर महिनोन्महिने वाट बघत. दिवा नाही, आच नाही, फक्त ऊन!

आपल्या बाळंतशेपांना जो वास येतो, तो मुख्यतः कार्वोन या रसायनाचा. हे कार्वोन त्यांनी वर्षभर उन्हात ठेवलं आणि १९०८ साली त्यातून तयार झालेला नवा पदार्थ जाहीर केला. त्याच्या रचनेवर पक्कं शिक्कामोर्तब व्हायला १९५७ उजाडलं. एवढी चिकाटी मला थक्क करते.

१९१२मध्ये न्यूयॉर्कच्या भाषणात त्याने कोळसा संपत जाणार हे स्पष्ट सांगितलं आणि ओसाड जमिनींवर धूर नसलेले, काचनळ्यांचे कारखाने उभे राहतील असं चित्र रंगवलं. अनेकदा नामांकन होऊनही नोबेल मिळालं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.