पुण्यात बीकॉम कुठे करावं? (सोबत सीए आहे)

बहिणीची बारावी कॉमर्स झालीय आणि सीए फाउंडेशनपण क्लिअर आहे, आता बीकॉमला अकाउंटिंग-ऑडिटिंग घ्यायचंय. बीएमसीसी आणि गरवारे कॉमर्स दोन्हीकडे चौकशी केली, पण ऑफिसात अटेंडन्सबद्दल सरळ उत्तर कोणी देईना. नंतर आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं ट्रेनिंग) २ वर्षांची, तेव्हा लेक्चर्स ऑफिसच्या वेळेत नकोत आणि फॉर्म ११२ वर (आर्टिकलशिपसोबत दुसरा कोर्स करायच्या परवानगीचा फॉर्म) प्रिन्सिपलची सहीपण लागते, म्हणून सकाळची बॅचच हवी. होस्टेल नको, कोथरूडला मामाकडे राहणारे. मुक्त विद्यापीठाचा पर्याय माहितीये पण घरचे रेग्युलरच म्हणतायत (त्यांना कोण समजावणार!). सध्या आर्टिकलशिप करत रेग्युलर बीकॉम करणारं कोणी आहे का इथे, तुमच्या कॉलेजात लेक्चर्स किती वाजता सुटतात आणि फॉर्मवर सही सहज मिळते का?