गॅसची पाईप स्वतः सरकवली तर काय बिघडतं?

सिंहगडरोडकर
मंडळी, शिव्या घालायच्या तर घाला पण आधी नीट वाचा. किचनचं काम काढलंय, ओटा एल शेपचा करतोय, त्यामुळे शेगडी आत्ता आहे तिथून चारेक फूट सरकून खिडकीजवळ जाणार. पाईपचा गॅस आहे. मीटरपासून तांब्याची पाईप भिंतीवरून क्लिपांवर आलीय, शेवटी पितळी कॉक आणि तिथून नारंगी नळी शेगडीला. गॅस कंपनीला फोन केला तर म्हणे रिक्वेस्ट टाका, माणूस येऊन बघेल, मग खर्च सांगू, मग तारीख मिळेल. इकडे टाइल्सवाला रोज विचारतोय साहेब पाईपचं काय.

माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, घरातलं प्लंबिंग-वायरिंग सगळं मीच करतो, एसीच्या तांब्याच्या पाईपांना ब्रेझिंग (आचेवर धातूची सळी वितळवून जोड देणं) हाताने केलेलं आहे. मीटरजवळचा कॉक बंद करायचा, पाईप कापायची, दोन एल्बो (वळणाचे जोड) टाकून पुढे न्यायची, साबणाचं पाणी लावून बघायचं. ज्याला येतं त्याने का करू नये? माझ्या घरात माझ्या जीवावर करतोय.

वरच्यामजल्यावरची
तुझ्या एकट्याच्या जीवावर नाही रे बाबा. फ्लॅटमध्ये राहतोस ना? तुझ्या किचनच्या बरोब्बर वर कोणाचं तरी किचन आहे आणि तिथे कोणीतरी सकाळी सहाला उठून चहा टाकतंय, तिला कोणी विचारलंय का की खालच्या भाऊंनी ब्रेझिंग शिकलंय तर चालेल ना तुम्हाला म्हणून. वायरिंग चुकलं तर निदान एमसीबी तरी पडतो, गॅसला काय पडतं?

बिनधास्त
+१ धागाकर्त्याला. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की कंपनीचा टीशर्ट घातला की माणूस एक्स्पर्ट. कंत्राटाची पोरं येतात, घाईत असतात, एका दिवसात इतकी घरं उरकायची असतात की कुठला जॉइंट कसा झाला ते बघायला वेळ कुणाला. स्वतःचं घर असलेला माणूस दहापट काळजीने करेल.

पाना पक्कड
मी बरीच वर्षं हेच काम केलंय, कंत्राटीच, टीशर्ट घालून. तेव्हा बिनधास्तभाऊंना रामराम.

सिंहगडरोडकर, जॉइंट तुम्हाला येत असेल, मला शंका नाही. एसीचं ब्रेझिंग ज्याला नीट जमतं त्याला हे जमतं. पण तुमच्या प्लॅनमध्ये टेस्ट म्हणून फक्त साबणाचं पाणी आहे, आणि तिथेच मी तुम्हाला नापास करणार. घरात गॅस येतो तो २१ मिलीबारच्या आसपास, म्हणजे पाण्याची जेमतेम वीतभर उंची उचलेल एवढाच दाब. एवढ्या दाबावर बारीक पिनहोल असेल तर फुगा इतका सावकाश येतो की तुम्ही बघून पुढच्या जॉइंटला गेलेले असता. शिवाय साबण जिथे हात आणि नजर पोचते तिथेच, एल्बोची भिंतीकडची बाजू कोण बघतं.

आम्ही काय करायचो, नवीन पाईप टाकली की गॅस सोडायच्या आधी हवा भरून वापरातल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाबावर धरून ठेवायची. ती टिकली की मग गॅस, आणि त्याच्यावर परत यू ट्यूब. पाणी भरलेली वाकडी काचेची नळी, एक टोक लाईनला, दुसरं उघडं. कॉक बंद करून थोडं थांबायचं, कारण गार गरम झाल्याने पाणी आधी हलतंच, आणि मग पाण्याच्या रेषेवर नजर. खाली सरकली की कुठेतरी जातंय. आणखी एक उलटी टेस्ट असते जी हौशी माणूस कधीच करत नाही, ती म्हणजे मीटरजवळचा कॉक बंद असताना पाणी वर चढतंय का. चढत असेल तर तो कॉकच पास होतोय, बंद करूनही गॅस सोडतोय. म्हणजे तुम्ही कॉक बंद केला म्हणून निवांत पाईप कापली, ब्रेझिंगची टॉर्च पेटवली, आणि गॅस येतच होता.

सिंहगडरोडकर
हे शेवटचं पटलं. पण मग उत्तर 'करू नको' हे नाहीये, 'यू ट्यूब बनव' हे आहे. पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

पाना पक्कड
बनवा की. पण मीटरच्या आधीचा कॉक पास होत असेल तर तुम्ही करणार काय? तो बदलायला मागची लाईन बंद करावी लागते, ती अख्ख्या रायझरची (बिल्डिंगच्या उभ्या पाईपची), म्हणजे तुमच्या वरच्या-खालच्या सगळ्यांची. तुम्ही बंद केलीत, एखाद्याकडे शेगडी चालू होती ती विझली, तुम्ही परत चालू केलीत आणि त्याच्याकडे कॉक उघडाच. हे कुठल्या डिप्लोम्यात शिकवत नाहीत आणि ते काम तुमचं नाहीच.

चारफूटवाला उपाय
एवढं कशाला डोकं लावताय? चार फूटच आहे ना, लांब नळी घ्या आणि ओट्याच्या मागून न्या, आमच्याकडे तशीच आहे, काहीही झालेलं नाही.

वरच्यामजल्यावरची
"काहीही झालेलं नाही" हे वाक्य आणि "हेल्मेट न घालता वीस वर्षं गाडी चालवतोय" हे वाक्य सख्खी भावंडं आहेत.

पाना पक्कड
लांब नळी हा सगळ्यात वाईट उपाय, त्यापेक्षा धागाकर्त्याचं ब्रेझिंग परवडलं. नळी दीड मीटरच्या आत आणि अख्खी डोळ्यासमोर हवी. ट्रॉलीच्या मागून गेली की तिथे उंदीर असतो, ट्रॉलीची पट्टी घासते, आणि बदलायची तारीख उलटून गेली तरी कोणी बघत नाही. मध्ये जोड देऊन दोन नळ्या क्लिपांनी एकत्र केलेल्याही मी काढल्यात.

मु.पो. लेस्टर
आमच्याकडे हाच वाद वर्षानुवर्षं चालूय, म्हणून लिहितो. ब्रिटनमध्ये १९९८ चे गॅसचे नियम आहेत. पैसे घेऊन किंवा धंदा म्हणून काम करणाऱ्याला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव लागतंच (२००९ पर्यंत ही नोंदणी कॉर्गी नावाच्या संस्थेकडे होती). पण स्वतःच्या घरात स्वतः करणाऱ्याला रजिस्टरची सक्ती नाही. अट एकच, काम करणारा कॉम्पिटंट, म्हणजे ते काम नीट येणारा पाहिजे. झालं, आता कॉम्पिटंट कोण? प्रत्येक हौशी माणूस म्हणतो मी, प्रत्येक गॅसवाला म्हणतो आमच्याशिवाय कोणी नाही. आणि गंमत अशी की ते ठरतं अपघात झाल्यावर, कोर्टात.

इथे येणाऱ्या माणसाला रोनन पॉइंटची गोष्ट ऐकायला मिळतेच. लंडनच्या पूर्वेला २२ मजली टॉवर, नवाकोरा. १६ मे १९६८ च्या पहाटे १८ व्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. स्फोट तसा फार मोठा नव्हता, त्या बाई वाचल्या. पण भिंतीचे तयार पॅनल बाहेर ढकलले गेले आणि इमारतीचा अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला, ४ माणसं गेली. तपासात निघालं की शेगडीच्या जोडणीतला पितळी नट निकृष्ट होता, तो तुटला होता.

बिनधास्त
म्हणजे माझाच मुद्दा! नट खराब होता. लायसनवाल्याने बसवला असता तरी तो नट तुटलाच असता. माल चांगला हवा, कागद नाही.

मु.पो. लेस्टर
असेल. पण चांगला माल ओळखणं हे त्याच कामात येतं ना हो. तुम्ही बाजारात पितळी नट हातात घेऊन सांगू शकाल का चांगला कुठला?

मीटरमागचा माणूस
स्वतःचं घर असलेला माणूस काळजीने करतो, बिनधास्त यांच्या या एका गोष्टीशी मात्र मी सहमत आहे, खरा धोका हौशी इंजिनियरपेक्षा मॉड्युलर किचनवाल्यांचा आहे. आमच्या सोसायटीत एकाकडे सिलेंडर ड्राय बाल्कनीत, भिंतीला भोक पाडून नळी आत आणलेली, हॉबखालच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीखालच्या) ड्रॉवरमागे पूर्ण झाकलेली, आणि रेग्युलेटर बंद करायला मधलं दार उघडून बाल्कनीत जायचं, ज्या दारासमोर वॉशिंग मशिन. करून कोण गेलं? सुताराबरोबरचा पोरगा. त्याला विचारलं की भिंतीतून नेताना तांब्याची पाईप का नाही टाकली तर म्हणतो मॅडमनी डिझाइनमध्ये दाखवली नव्हती.

सिलेंडरवाल्यांनी हेही लक्षात ठेवा की तेल कंपन्यांच्या विम्यात घरातल्या नुकसानीची भरपाई एजन्सीकडे नोंदवलेल्या पत्त्यावरच्या कनेक्शनला असते. असली सुतारकृत जोडणी बघून विमावाला काय म्हणेल ते तुम्हीच ठरवा.

नाशिकची सून
पण पाईपचा गॅस सिलेंडरपेक्षा सेफ असतो ना? हवेपेक्षा हलका असतो म्हणे, गळला तरी वर निघून जातो.

पाना पक्कड
ताई, वर जातो हे बरोबर, निघून जातो हे तुमच्या किचनवर आहे. पाईपमधला म्हणजे मिथेन, वर जातो. सिलेंडरमधला प्रोपेन-ब्युटेन, जड, फरशीवर पसरतो, ट्रॉल्यांच्या खाली, बाल्कनीतल्या पाणी जायच्या जाळीत. म्हणून सिलेंडरच्या घरात खालून हवा खेळायला हवी आणि पाईपच्या घरात वरून. आता हल्ली किचनला पीओपीचं फॉल्स सीलिंग करतात, खिडकी त्याच्या फूटभर खाली, त्यामुळे हलका गॅस बसतो सीलिंगच्या पोटात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के झाला की पेटतो, सिलेंडरचा तर २ टक्क्यांच्या आसपासच सुरू होतो. सीलिंगमध्ये लाइटची वायर आहे, तेवढं लक्षात घ्या.

आणि वास आला तर बटणं दाबायची नाहीत, चालू पण नाही आणि बंद पण नाही. कॉक बंद, खिडक्या उघड्या, बाहेर पडून फोन. सिलेंडर असेल तर १९०६, पाईपवाल्यांचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो.

हॉबवाली
एक अवांतर पण महत्त्वाचं. धागाकर्ता नवीन हॉब घेणार असेल तर जेट बघा, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक तोंड. दुकानातून येणारा हॉब बहुतेक वेळा सिलेंडरच्या जेटचा असतो, त्याचं भोक बारीक. पाईपच्या गॅसला मोठं भोक लागतं. बारीक जेटवर पाईपचा गॅस लावला तर ज्योत मरतुकडी येते, मग लोक घरीच सुईने किंवा ड्रिलने भोक मोठं करतात आणि मग ज्योत पिवळी, भांडी काळी. माझ्या नणदेकडे इंटेरियरवाल्याने हेच केलं आणि वर सांगितलं की नवीन बर्नर आहे, हळूहळू सेट होईल.

बिनधास्त
असं प्रत्येक गोष्टीला घाबरत बसलो तर माणसाने स्क्रू पण पिळू नये. आपल्या आधीच्या पिढीने स्टोव्हला पिना मारल्या, पंप मारले, रेग्युलेटर बदलले, सगळे जिवंत आहेत.

वरच्यामजल्यावरची
स्टोव्हचे भडके आणि जळालेल्या सुना आपल्या आधीच्या पिढीनेच पाहिल्यात. सगळे जिवंत नाहीयेत.

नाशिकची सून
आमच्या भागात गॅस गिझरने गुदमरून माणसं जातात ते पण यातच येतं का? त्याला तर गळती नसते.

पाना पक्कड
येतं. तो कार्बन मोनॉक्साइड, वास नाही रंग नाही. बंद बाथरूममध्ये गिझर लावणारा माणूस जॉइंट एकदम पक्का करून जातो, साबणाच्या टेस्टला पास. सिंहगडरोडकरांना मी तेच सांगतोय, जॉइंट येणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. गॅस कुठून येतो, जळायला हवा कुठून घेतो, जळल्यावर कुठे जातो, आणि बिघडलं तर कुठे बंद करायचं, हे सगळं बघता येत असेल तर म्हणा येतं.

सिंहगडरोडकर
बरं, मी अजूनही म्हणतो की चार फूट पाईप टाकणं रॉकेट सायन्स नाही आणि कंपनीने पंधरा-पंधरा दिवस लोंबकळत ठेवलं तर लोक सुतारालाच सांगणार, त्याचा दोष एकट्या लोकांचा नाही. तारीख द्या, दर लिहून द्या, कोणी हात लावणार नाही. मी आज लाईन तात्पुरती बंद करून टोकाला प्लग लावून द्या अशी रिक्वेस्ट टाकलीय, ते म्हणे लवकर होतं. टाइल्स होईपर्यंत इंडक्शन.

पाना पक्कड
हे उत्तम. प्लग लावल्यावर आणि नंतर नवीन पाईप टाकल्यावर दोन्ही वेळा त्याच्याकडून टेस्ट मागा, तो गेला की स्वतः एक करा, त्याला कसलंही सामान लागत नाही. शेगडीचे सगळे बर्नर बंद, कॉक उघडा ठेवायचा, मीटरच्या शेवटच्या लाल आकड्यांचा फोटो काढायचा आणि रात्री झोपायच्या आधी काढला असेल तर सकाळी चहाच्या आधी परत बघायचं. आकडा हलला असेल तर चहा नाही, कॉक बंद आणि फोन. टाइल्सवाल्याला सांगा पाईप टाइलच्या आत गाडायची नाही, वरूनच जाऊदे, दिसायला कशीही दिसो.

बिनधास्त
मीटरचा फोटो काढायची आयडिया भारी आहे, हे मान्य. आमचा मीटर कोपऱ्यातल्या कपाटात गेलाय, दार उघडायला मिक्सर बाजूला करावा लागतो.

मीटरमागचा माणूस
दाराला जाळी आहे का?

बिनधास्त
नाही, लॅमिनेट आहे. मॅचिंग.

पाना पक्कड
गळला तर गॅस त्या कपाटातच साठेल, दार आजच काढून ठेवा. जाळी बसली की परत लावा.