ढालवाला फक्त मार खायले ठेवला काय?

ढालकाठी: रविवारचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ) डाव आधी सांगतो, मंग भांडा. आमच्या ओसरीतली फरशी म्हणजे आयता नकाशा, एक चौकोन पाच फूट. चिंचोके ते गॉब्लिन (बुटके राक्षस), बोल्टाचा नट तो मी, फुटक्या बांगडीचा तुकडा ती विझार्ड, म्हणजे जादूगारीण. खेळाची पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं, सगळे तिसऱ्या पातळीवर. मी फायटर, म्हणजे लढवय्या. साखळीचं चिलखत, ढाल, आर्मर क्लास 18, म्हणजे मले लागायले फासा अन् बोनस मिळून 18 पायजे.

पाच गॉब्लिन आले. दोन मले भिडले, तीन माझ्या कुशीतून निघाले अन् विझार्डले लोळवलं. तिनं जाळ्याच्या मंत्रात धरलेला बगबेअर (मोठा केसाळ राक्षस) त्याच क्षणी मोकळा. मी हातात ढाल घेऊन पाहत उभा.

हिशेब करा. गॉब्लिनच्या हल्ल्याले +4. मले लागायले वीस बाजूंच्या फाशावर 14 पायजे, तिले लागायले 8. विसातून सात वेळा मी, तेरा वेळा ती. गॉब्लिन येडा असन तरच माझ्या नादी लागन! ढाल जेवढी जाड, तेवढा शत्रू मले टाळून जाते. माझं म्हणणं एवढंच, की रक्षक म्हणजे मार खाणारा नाही. त्याच्याकडं पाठ केली तर महागात पडलं पायजे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत हे होतं. फायटर ज्याच्यावर वार करन त्याले ‘मार्क’ करू शके. त्यानं मले सोडून दुसऱ्यावर हात टाकला तर त्याच्या हल्ल्याले –2, अन् तो माझ्या शेजारी असन तर माझा एक वार वरून. पाचवीत साध्या फायटरकडून ते काढून घेतलं.

चिंचोकेवाला: गॉब्लिन मीच चालवत होतो, म्हणून बोलतो. पुस्तकात लिहिलंय, गॉब्लिन बोनस ॲक्शनमधी (पाळीतल्या जादा चालीत) डिसएंगेज करू शकते, म्हणजे वार न खाता निसटते. मंग तुझा ऑपॉर्च्युनिटी अटॅक, शत्रू जवळून निघताना भेटणारा वार, लागनच कसा? अन् मागं पाच फुटांचं दार होतं राजा. त्यात उभा राहिला असता तर एकही चिंचोका पार झाला नसता. शत्रूच्या चौकोनातून जायले दोघांच्या आकारात दोन पायऱ्यांचा फरक लागते. गॉब्लिन तुझ्याहून एकाच पायरीनं लहान. दार सोडून अंगणात पळाला तू, अन् दोष नियमाले?

ढालकाठी: दारात उभा राहिलो असतो तर त्याइनं बाण मारले असते. शॉर्टबो 80 फूट जाते.

चिंचोकेवाला: मारू दे ना. तू मधात असल्यावर तिले अर्धी आड भेटते, आर्मर क्लासमधी +2. तेराचे अकरा झाले. तेच तर ढालवाल्याचं काम हाय.

रातची_लाईट: उशिरा आलो, हरभऱ्याले पाणी देत होतो, लाईन रातचीच असते. चौथी आवृत्ती मी खेळलो, अन् मार्क मले कधीच पटला नाही. सारा डाव –2 कोणाले, खूण कोणाची, हेच ध्यानात ठेवण्यात जाये. दुसरा कोणी मार्क करन तर पहिल्याची खूण पुसली. अन् खरं सांग, मी नुसती खूण केली म्हणून रानडुक्कर माझ्याकडं पाहीन काय? ते तुरीतच घुसते.

ढालकाठी: तुह्या जागलीवरचा कुत्रा काय करते सांग बरं. तू माळ्यावरून डबे वाजवते, डुक्कर मान वर करत नाही. कुत्रा मागच्या पायाले लागला की ते गरकन फिरते. कुत्र्याच्या अंगावर कोणतं चिलखत हाय? तुरीत घुसायची त्याले बंदी नाही, फक्त घुसलं की तंगडी जाते. मार्क म्हणजे डबे नाही भाऊ, तो कुत्रा होय.

रातची_लाईट: कुत्र्याचं पटलं. पण मंग पाचवीत सेंटिनेल नावाची फीट (पात्राची जादा खुबी) हाय ना! डिसएंगेज केलं तरी वार बसते, लागला की वेग शून्य. शेजारचा शत्रू दुसऱ्याले मारन तरी तुले वार भेटते. अजून काय पायजे?

ढालकाठी: त्या वाराले रिॲक्शन लागते, दुसऱ्याच्या पाळीत करायची चाल, अन् ती एकच हाय ना फेरीत! तीन चिंचोके निघाले, एक अडला, दोन गेले. अन् ती फीट चौथ्या पातळीशिवाय घेता येत नाही मले.

बांगडीचा_तुकडा: ज्याच्यावरून हे चालू हाय ती विझार्ड मीच. कोणी मले विचारलं काय? दादा, पहिल्याच पाळीत तू तीस फूट पुढं पळाला, बगबेअरवर पहिला वार आपला पायजे म्हणून. मी ‘थांब’ म्हटलं तेव्हा तू फासे खुळखुळवत होता. तुह्याजवळ सेंटिनेल असता तरी तीस फुटांवरून काय केलं असतं? प्रोटेक्शन स्टाईल, म्हणजे ढालीनं शेजारच्याले वाचवायची कला, तीही पाच फुटांच्या आतच चालते, अन् ती तुह्याजवळ हाय. वापरली किती वेळा? एकदाही नाही. मार्क पायजे हे मले मान्य, पण तो मांगायच्या आधी माह्या बाजूच्या चौकोनात तर राय.

ढालकाठी: पळालो हे कबूल. 😅 तरी चिंचोकेवाले भाऊ, पुढच्या डावापुरता मार्क द्या. –2 फक्त, वरचा वार नको.

चिंचोकेवाला: –2 देतो, एका वेळी एकाच चिंचोक्यावर. सेंटिनेल पायजे तर पातळी वाढव. बगबेअर पळाला, त्याचे अनुभवाचे गुण काही भेटत नाही. पाच गॉब्लिनचे 250, चौघांत वाटले तर 62. चौथी पातळी 2700 ले. तोवर दारात उभा राय.