अंदमानची सहल: पाच रात्रींत सगळं उरकायचं, की बाराटांग सोडायचं?

शाहूपुरीकर (सातारा)
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीतली चार कुटुंबं फेब्रुवारीत अंदमानला निघालीत. टूरवाल्यानं पाठवलेल्या कार्यक्रमात पाच रात्रींत पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), रॉस, नॉर्थ बे, बाराटांग, हॅवलॉक आणि नील बेटं असं सगळं कोंबलंय. सेल्युलर जेल विमानातून उतरल्या उतरल्या तासाभरात, आणि हॅवलॉकला एकच मुक्काम. मी ग्रुपवर सांगितलं की बाराटांगचा दिवस काढा आणि तो हॅवलॉकला द्या. त्यावरून वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतोय.

माझी बाजू अशी. बाराटांगसाठी पहाटे तीन-साडेतीनला हॉटेल सोडायचं, कारण जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्यानं सोडतात आणि सहाचा ताफा गाठायचा असतो. मग जंगलातला रस्ता, बार्जवरून खाडी ओलांडणं, स्पीडबोट, त्यापुढे चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट. तेवढंच सगळं परत. आमच्यात गुडघे दुखणारी तीन माणसं आहेत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. माझ्या मनाला ते पटत नाही.

उलट हॅवलॉकला एक दिवस पुरतच नाही. अंदमान आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, पण घड्याळ तेच. फेब्रुवारीत साताऱ्यात सूर्य साडेसहाच्या पुढे मावळतो, तिथे साडेपाचच्या सुमाराला. सकाळचं जहाज धरून पोचलात, एलिफंट बीचला बोटीनं जाऊन प्रवाळ बघितलं, जेवलात, की तिथल्या राधानगर किनाऱ्याला पोचेपर्यंत उजेड संपलेला. ज्या किनाऱ्यासाठी एवढं लांब जायचं, तो अंधारात बघायचा?

द्राक्षबाग (कवठेमहांकाळ)
दादा, तुमचं पटलं नाही, स्पष्ट बोलतो. तुम्ही नोकरदार माणसं, परत जाल. आमच्यासारख्याला ऑक्टोबर छाटणीपासनं माल उतरेपर्यंत बागेतनं हलता येत नाही. फेब्रुवारी-मार्चात तर व्यापारी दारात असतो. मग खरड छाटणीच्या आधी जे चार दिवस हाताला लागतात, तेवढेच. पुण्यात जायचं, चेन्नईला नाहीतर बंगळुरूला विमान बदलायचं, एवढा पैसा घालायचा आणि चुनखडीची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी न बघता यायचं? आमच्या आईनं उभ्या जन्मात समुद्र म्हणजे गणपतीपुळ्याचा बघितलाय. ती परत कधी जाणार सांगा की. तीनला उठायचं म्हणाल तर शेतकऱ्याला त्याचं काय कौतुक नाही. लाईट रात्रीची असली की आम्ही तसेच उठतो.

कृष्णाकाठची (कऱ्हाड)
भाऊ, आईंना सगळं दाखवायची तुमची ओढ समजते. पण त्या रस्त्याची गोष्ट नीट बघा. जारवा लोक 1997-98 च्या सुमारापर्यंत बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. येणं-जाणं सुरू झालं आणि 1999 मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. गोवर आपल्या पोरांना लस देऊन टळतो, त्यांच्या अंगात तो झेलायची ताकदच नव्हती. शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं तेही बघा. 1858 मध्ये इंग्रजांनी कैद्यांची वसाहत उभी केली तेव्हा ते काही हजार होते, आज पन्नासच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये तो रस्ता राखीव भागात बंद करायचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली.

गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचा नाही, असे नियम आहेत आणि मोडले तर गुन्हा आहे. पण नियम लावावे लागले, कारण पर्यटक बिस्किटं फेकत होते, नाचायला सांगत होते. त्याची चित्रफीत 2012 मध्ये जगभर गाजली. माणसं बघायला जायची ही कल्पनाच मला सहन होत नाही.

माजी सैनिक (सातारा तालुका)
ताई, मी नोकरीत असताना तिकडे राहिलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. तो रस्ता पर्यटकांनी काढलेला नाही. उत्तरेकडच्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूर इथल्या लोकांना आजारी माणूस पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा तर तोच रस्ता. त्यांचा भाजीपाला, टपाल, परीक्षेला जाणारी पोरं, सगळं त्याच ताफ्यातनं. आणि बाराटांगला जी पोरं बोटी चालवतात, वाट दाखवतात, नारळपाणी विकतात, त्यांची चूल पर्यटकांवरच पेटते. जारवा बघायला कुणी जाऊ नये हे शंभर टक्के खरं. पण गुहा बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच मापानं मोजू नका. खारफुटीच्या बोगद्यातून बोट जाते तेव्हा दोन्ही अंगांनी मुळं पाण्यात उतरलेली असतात. तसं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

शाहूपुरीकर
साहेब, स्थानिकांना रस्ता हवाच, त्यावर वादच नाही. पण दवाखान्यात निघालेला माणूस आणि सकाळी जाऊन दुपारी परत येणारी आमची इनोव्हा, यात फरक आहे. स्थानिकांच्या गरजेच्या आडून आपण पर्यटक त्याच ताफ्यात घुसतो.

आपल्या कासचं बघा ना. 2012 ला जागतिक वारशात नाव लागलं आणि सप्टेंबरच्या रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. लोक फुलांत बसून फोटो काढायचे. शेवटी दिवसाची संख्या ठरवावी लागली, आगाऊ नोंदणी आणावी लागली. तेव्हा आपणच सातारकर चिडून म्हणत होतो की बाहेरच्यांनी पठार तुडवलं. तिथे आपण बाहेरचे आहोत. आणि तिथे फुलं नाहीत, माणसं आहेत.

सांगलीचा_ट्रेकर
बाराटांग सोडा, पण मग जेलवर एवढा वेळ कशाला? पोरं कंटाळतात. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघितला की झालं. त्यापेक्षा नीलला एक रात्र वाढवा. तिथला दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच जवळून बघता येतो, भरतीला तिथवर चालत जाताच येत नाही. टूरवाले भरती-ओहोटी न बघता गाडी नेतात आणि लोक लांबून फोटो काढून येतात. ओहोटीची वेळ आधी काढा आणि मगच जहाजाची तिकिटं घ्या.

कृष्णाकाठची
ओहोटीचं अगदी बरोबर. जेलचं मात्र मुळीच नाही. रात्रीच्या कार्यक्रमात दिवे आणि आवाज असतात, इमारत दिसत नाही. भर दिवसा जा आणि मुलांना कोठडीची कडी दाखवा. कडी दारापासून लांब, भिंतीतल्या खाचेत जाऊन बसते. आतला माणूस गजांतून हात काढून कितीही चाचपडला तरी बोट लागणार नाही. मग वरच्या मजल्यावर उभं राहा. एका इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसरा कैदी दिसूच नये. मधल्या मनोऱ्यावरून पहारेकऱ्याला मात्र सगळं दिसतं. 1896 ते 1906 अशी दहा वर्षं बांधत होते. त्या मनोऱ्यापासून फुटणाऱ्या सात इमारतींपैकी आज तीन उभ्या आहेत.

आपण मराठी माणसं सावरकरांची कोठडी बघून नमस्कार करतो आणि निघतो. करावाच. त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते. पण त्याच जागी 1933 च्या उपोषणात महावीर सिंग, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्रा हे तिघे गेले. नावांच्या पाट्यांवर बंगालची नावं वाचून संपत नाहीत. सातवी-आठवीतल्या मुलाला हे तासाभरात कसं कळणार?

शाहूपुरीकर
हे मी आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकतो. अर्धा दिवस जेलला आणि लागून रॉस, असं करतोय. 1941 च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा सगळा कारभार रॉसवरून चालायचा, आता चर्चच्या भिंतींना मुळांनी विळखा घातलाय. जेल आणि रॉस एकाच दिवशी बघितले की कैदी कुठे आणि साहेब कुठे, ते आपोआप समोर येतं.

वाईकर_काकू
शाळा असलेल्या घरांनी काय करायचं? आम्हाला मे महिनाच मोकळा.

माजी सैनिक
काकू, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे पावसाळा लागतो, केरळच्याही आधी. समुद्र उसळला की जहाजं रद्द होतात आणि हॅवलॉकला अडकलात तर परतीचं विमान जातं. परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिल अखेरीला निघा. आणि कोणत्याही महिन्यात जा, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून निघायचा धोका पत्करू नका. शंख, प्रवाळ पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात आणि कायद्याचं लचांड मागे लागतं.

द्राक्षबाग
ताईंचं सगळं दोनदा वाचलं. गोवराचं मला माहीत नव्हतं. तरी आईला बाराटांगला नेणार, हे ठरलंय. गाडीच्या काचा वर ठेवू, फोन पिशवीत ठेवू, रस्त्याकडेला कोण दिसतंय म्हणून कुणाला मान वळवू देणार नाही. दादा, तुम्ही जो दिवस राधानगरला द्याल, तो आम्ही आमच्या सहलीत गुहेला देऊ. तुम्ही तुमच्या मतावर राहा, मी माझ्या. एवढं सांगा, एलिफंट बीचच्या बोटीत गुडघेदुखीच्या माणसाला चढता येतं का? आईला तिथंही न्यायचंय.

शाहूपुरीकर
बाराटांगबद्दल माझं मत तेच आहे. बोटीचं सांगतो: जेट्टीवरून चढायला माणसं हात देतात, पण उतरताना बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. आईंना मागे पट्टा असलेली रबरी चप्पल घाला, साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा. आणि सकाळची पहिली बोट धरा.