वयाने मोठ्या सहकाऱ्याच्या कामातली चूक कशी सांगावी?

नवाटीमलीड
नुकताच टीम लीड झालोय. टीममध्ये एक जण माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे, अनुभवही जास्त, स्वभावाने चांगले. पण त्यांचे रिपोर्ट न तपासता येतात, टेबलात एक आकडा आणि खालच्या मजकुरात दुसरा. मी गुपचूप दुरुस्त करून पुढे पाठवतो, कारण त्यांना बोलायला जीभच रेटत नाही. अपमान वाटला तर? आणि माझे बॉस मला काही बोलले की मीही लगेच स्पष्टीकरण द्यायला लागतो, तेही थांबवायचंय. कुणी सांगेल का कसं करावं?

शांतसरिता
सगळ्यात आधी ते गुपचूप दुरुस्त करणं बंद करा. त्यांना कळतच नाहीये की काही चुकतंय, त्यांच्या दृष्टीने रिपोर्ट दरवेळी पास होतोय, मग ते का बदलतील? आणि सहा महिन्यांनी अप्रेझलमध्ये हे एकदम निघालं तर तो खरा अपमान, कारण तेव्हा ते म्हणणार की इतके दिवस का नाही सांगितलंत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

दोघंच असताना सांगा, ग्रुपवर किंवा मीटिंगमध्ये नको. "तुमचं लक्ष नसतं" असं तर अजिबात नको. "कालच्या रिपोर्टमध्ये टेबलात १२ टक्के आहे आणि खाली २१, क्लायंट यावरच ऑर्डर ठरवतात" एवढंच सांगा आणि गप्प बसा, त्यांना बोलू द्या. कदाचित डेटाच त्यांच्याकडे उशिरा येत असेल, तुम्हाला काय माहीत. मान ठेवायचा तो बोलण्याच्या पद्धतीत ठेवा, चूक लपवून नाही.

एकवाचक
मला वाटतं आधी थोडं कौतुक, मग चूक, मग परत कौतुक असं केलं तर कमी लागतं.

शांतसरिता
@एकवाचक मला नाही पटत. काही जण फक्त कौतुक ऐकून खुश होऊन जातात आणि मुद्दा राहतो, आणि ज्यांना ही पद्धत कळते ते पुढे कौतुक सुरू झालं की आता काय ऐकावं लागणार म्हणून धास्तावतात. कौतुक करायचं तर ज्या दिवशी काम चांगलं झालं त्याच दिवशी करा ना, मनापासून.

अभ्यासूमाणूस
यावर संशोधन आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून पाहिले, ६०० च्या वर निष्कर्ष. सरासरीने फीडबॅकचा फायदाच दिसला, पण एक तृतीयांशापेक्षा जास्त ठिकाणी तो दिल्यावर काम उलट खालावलं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून "मी कसा आहे" याकडे गेलं की परिणाम कमी होतो. म्हणून वर सांगितलंय तसं आकड्यावर बोला, माणसावर नको. हे कौतुकालाही लागू आहे बरं का, "तुम्ही हुशार आहात" पेक्षा "हा तक्ता वाचायला सोपा झालाय" हे जास्त उपयोगी.

मधलीखिडकी
दुसऱ्या प्रश्नाबद्दल, बॉस बोलतात तेव्हा काय करायचं. पहिलं वाक्य स्पष्टीकरणाचं नको, प्रश्नाचं असू दे: "एखादं उदाहरण सांगाल का, नेमकं कुठे?" उदाहरण मिळालं की वाद घालायला फारसं उरतही नाही. ते लिहून घ्या आणि "विचार करून उद्या बोलतो" म्हणा, आणि उद्या खरंच बोला, हे महत्त्वाचं आहे, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगायचेच थांबतील. आणि ऐकून घेतलं म्हणजे सगळं मान्य केलं असं नाही हो. चूक असेल तर सुधारायची, फक्त त्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर शांतपणे आपली बाजू मांडता येते.

नवाटीमलीड
खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे पुढचा रिपोर्ट मी दुरुस्त न करता खुणा करून परत पाठवू का? डेडलाइन असली तर?

शांतसरिता
हो, परत पाठवा, पण त्याआधी एकदा समोर बसून बोला, नुसत्या लाल खुणा बघून कुणालाही राग येईल. डेडलाइन अगदी डोक्यावर असेल तर दुरुस्त करा पण काय काय बदललं ते त्यांना त्याच दिवशी दाखवा. आणि रिपोर्ट तुमच्याकडे एक दिवस आधी यायला हवा असं आत्ताच ठरवून टाका.